शेजारच्या सीटवरचे कान

सोमवार, ३ मार्च

कानाच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आजी, एक वही करा. आजोबांनी मशीन कानात किती वेळ घातलं, कुठे ऐकू आलं, कुठे नाही, रोज दोन ओळी लिहा. महिन्याने बघू. मी म्हटलं, बाई, चौथी शिकलेय मी, तीही तिसरीत दोनदा बसून. त्या म्हणाल्या, दोनच तर ओळी. आता मला दोन ओळींत थांबायला सांगणं म्हणजे काय ते माझ्या माहेरी विचारा. पण नवीन माणसाला तोंडावर कसं सांगायचं!

वही भुंगीची आहे. भुंगी म्हणजे लेकीची लेक, दिवसभर गुणगुणत असते म्हणून भुंगी. शाळा सुटली की संध्याकाळपर्यंत आमच्याकडे. तिने गणिताच्या जुन्या वहीची लिहिलेली पानं फाडून उरलेली मला दिली. चौकटीची आहे, त्यामुळे माझी अक्षरं गजाआड बसल्यासारखी दिसतात. मी लिहिताना मोठ्याने बोलते म्हणून खुदुखुदु हसते ती. "आजी, वहीला ऐकू येत नाही," म्हणते. म्हटलं, मग काय झालं, सवय आहे मला.

तर आजचं. ह्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. वय चौसष्ट. तीस वर्षं ट्रक चालवला, इंजिनाच्या आवाजाने कान खाल्ले असं बाई म्हणाल्या. आता लाँड्रीची व्हॅन चालवतात. तीन हॉटेलं आणि एक हॉस्पिटल. धुतलेल्या चादरी पोचवायच्या, मळक्यांची गाठोडी आणायची. मागच्या महिन्यात मागून हॉर्न वाजला तो ह्यांना कळलाच नाही, आणि एक स्कूटरवाला शिव्या देत थेट लाँड्रीपर्यंत आला. शिव्याही कळल्या नाहीत, तेवढाच फायदा. मालकीण म्हणाली, मशीन घ्या, आणि लायसन्सच्या ऑफिसात तपासणी होऊन कागद मिळेपर्यंत शेजारी ऐकू येणारं कोणीतरी बसवा. नाहीतर किल्ली ठेवा.

किल्ली ठेवा म्हटल्यावर ह्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. गाडी गेली तर हा माणूस घरात बसून करणार काय? भिंतीला तोंड करून बसेल. म्हणून म्हटलं, मी बसते शेजारी.

मशीन: सकाळपासून घातलंय. ऐकू येतं: ठीक.

बुधवार, ५ मार्च

लॉटरी लागलीय मला! लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, त्यातली तीस हे रस्त्यावर. यायचे, जेवायचे, झोपायचे, जायचे. लेक झाली तेव्हा चौथ्या दिवशी उगवले, पाळण्यात बघितलं, "बरं आहे" म्हणाले आणि आडवे झाले. मी काही सांगायला तोंड उघडलं की घोरणं सुरू. आणि आता रोज सव्वाआठ ते एक, पावणेपाच तास, हा माणूस माझ्या शेजारी, तोही पट्ट्याने सीटला बांधलेला. पळणार कुठे?

खुणा मीच ठरवल्या. मागून हॉर्न आला तर गुडघ्यावर एक थाप. सायकलची घंटा असेल तर दोन. सायरन आला तर दंडाजवळची बाही घट्ट धरायची. चारचौघांत ह्यांनी कधी माझा हात धरला नाही, आणि आता मी भर रस्त्यात दिवसभर गुडघ्यावर थापा मारते, पोलीससुद्धा काही बोलत नाही!

आणखी एक पाहिलं. मी व्हॅनमध्ये चढून दार लावलं, की हे आधी हात कानामागे नेतात. एका कानाचं मशीन बोटाने सारखं करतात, मग दुसऱ्याचं. मग चावी फिरवतात. आधी माझं बोलणं नीट ऐकू येण्याची तयारी आणि मग गाडी. मला भरूनच आलं.

मशीन: दिवसभर.

शनिवार, ८ मार्च

आज मोठ्या हॉटेलच्या वॉचमनने विचारलं, "काका, ह्या बाई कोण?" हे म्हणाले, "हे माझे कान." मी गाठोडं उचलता उचलता तशीच उभी राहिले. नवऱ्याने केलेलं कौतुक माझ्याजवळ फार नाही. एकदा निळ्या साडीला बरी म्हणाले होते, ती माझी नव्हती, शेजारणीची वाळत घातलेली होती. तेव्हा हे दुसरं. खरं म्हणजे पहिलंच.

सध्या मी थोरल्या जावेने शिवणयंत्र कसं नेलं ते अगदी मुळापासून सांगतेय. तीस वर्षं साचलंय. हॉस्पिटलचं फाटक आलं तरी जाऊ अजून यंत्राला हात लावत नाही. हे मध्ये मध्ये "हं" म्हणतात, बरोबर मी श्वास घेते तिथेच. मी विचारलं, "मग सांगा, तिने केलं ते बरोबर का?" म्हणाले, "हं." मला असा राग आला! मग वाटलं, रस्त्याकडे लक्ष आहे माणसाचं.

लेकीला सांगितलं तर म्हणते, "आई, बाबांना जरा श्वास घेऊ दे गं." मी काय नाक दाबून धरलंय त्यांचं?

मशीन: दिवसभर.

बुधवार, १२ मार्च

दुपारी तिघं पत्ते खेळत होतो. भुंगी खोलीच्या त्या टोकाला उभी, तोंडावर हात, आणि कुजबुजली, "आजोबा, आजीकडे एक्का आहे." आणि ह्यांनी ऐकलं! हसले, आणि माझा एक्का मारला. मी लबाडी म्हणून पत्ते टाकले, पण मनातून खूश. बाई म्हणाल्या होत्या, लहान मुलांचा बारीक आवाज सगळ्यांत अवघड जातो. मशीन नातीला ओळखतं वाटतं.

माझा आवाज तर मोठा आहे. तरी रात्री जेवताना तीनदा म्हटलं, आमटी हवी का, तर नुसतं ताटाकडे बघत बसले. थकले असतील.

सोमवार, १७ मार्च

बाईंनी बटणाएवढे सेल दिले होते. म्हणाल्या, रोज वापरलं तर आठ-दहा दिवसांत संपतील. आज पंधरावा दिवस, पहिलीच जोडी चालतेय. बाईंना हे मुद्दाम दाखवायचं. मशीन कसं वापरावं ते आमच्या घरून शिका म्हणावं.

शिवणयंत्र आज जावेच्या दारापर्यंत पोचलं.

रविवार, २३ मार्च

गुरुवारी पहाटे निघून मी धाकट्या बहिणीकडे गेले होते, काल रात्री परतले. तिचा गुडघा बदललाय. तीन दिवस तिच्याजवळ बसले, तिने एकदाही गप्प बस म्हटलं नाही, अर्थात तिला उठून जाता येत नव्हतं.

व्हॅनमध्ये माझ्या जागी मालकिणीने इस्त्रीवाला बसवला होता. तो माणूस म्हणजे तोंडात जीभ आहे का ते डॉक्टरने बघावं असा. मी म्हटलं, कंटाळला असाल हो तीन दिवस. म्हणाले, "हं."

काल आले तेव्हा हे गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि शीळ वाजवत होते. सबंध गाणं. मला माहीतच नव्हतं ह्यांना शीळ येते. मला बघितलं आणि थांबले. म्हटलं, वाजवा की! तर म्हणाले, "पोचलीस का," आणि हात कानाकडे गेला. बघा, माझं ऐकायला किती आतुर.

गुरुवार, २७ मार्च

अक्षर वाकडं येतंय, कळलं नाही तर माझं मीच वाचीन.

आज पुलावर. हॉस्पिटलच्या चादरी भरलेल्या होत्या. मी ह्यांच्याकडे तोंड करून बसले होते. शिवणयंत्राचं शेवटचं चाललं होतं, जाऊ कशी म्हणाली "यंत्र माझ्याच नावावर आहे", आणि मी, मला सवय आहे, रंगात आले की समोरच्याची बाही धरायची. तर मी बाही धरून सांगत होते. पुढच्या गाड्या एकेक करून कडेला जायला लागल्या. मला वाटलं, आम्हाला वाट देतायत. मला बरंसुद्धा वाटलं.

मग सायरन ऐकू आला. अगदी पाठीशी. कधीपासून वाजत होता देव जाणे, मी बोलत होते. मी बाही घट्ट धरली. ठरल्याप्रमाणे. जीव खाऊन धरली.

हे म्हणाले, "हं."

मी ओरडले, "अहो, सायरन!" हे म्हणाले, "हं हं." मान हलवली. मी दोन्ही हातांनी दंड ओढला तेव्हा कुठे माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग आरशात. तोवर अँब्युलन्सने घुसून पुढे जायचा प्रयत्न केला, आमचा बाजूचा आरसा घेऊन गेली. आरशाचा तुकडा माझ्या मांडीवर.

आम्ही गेलो त्याच हॉस्पिटलात ती अँब्युलन्स उभी. चादरी मोजून घेणारी सिस्टर रोज माझ्याशी हसते, आज हसली नाही. म्हणाली, "आत एक आजी होत्या, तुमच्याच वयाच्या. पुलावर वाट मिळाली नाही." मी विचारलं, आहेत ना? म्हणाली, "आहेत. आत्ता तरी." आणि चादरी मोजायला लागली.

शुक्रवार, २८ मार्च

अँब्युलन्सवाल्याने गाडीचा नंबर दिला. लायसन्सच्या ऑफिसचा फोन मालकिणीला आला. आठ तारखेला ह्यांना गाडी चालवून दाखवायची, कानाच्या बाईंचा कागद घेऊन. नापास झाले तर लायसन्स जमा. तोवर सांभाळून चालवा म्हणाली मालकीण, पुन्हा एक ओरखडा आला तरी किल्ली टेबलावर.

हे घरी आले आणि खुर्चीत बसले. किल्ली बोटात फिरवत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जेवले नाहीत.

मी सांगितलं, काळजी करू नका, दोष मशीनचा आहे. कानाशी सायरन वाजला तरी ऐकू येत नाही म्हणजे काय! मंगळवारी मी त्या बाईंना धरते. अशी बोलते, की बघाच.

ह्यांनी किल्ली मुठीत धरली. मान हलवली नाही.

मंगळवार, १ एप्रिल

बोलले नाही.

म्हणजे आधी बोलले. गेल्या गेल्या टेबलावर वही ठेवली. म्हटलं, हे बघा, रोज लिहिलंय, मशीन दिवसभर, मशीन दिवसभर, आणि ऐकू काय येतं? धोंडा! बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांना मोठं काहीतरी लावलं, आणि दुसऱ्या मुलीला सांगितलं, तपासा. ह्यांची मशीनं त्यांनी कॉम्प्युटरजवळ ठेवली.

"आजी, मशीन स्वतःच लिहून ठेवतं बरं का, रोज किती तास चालू होतं ते."

मी म्हटलं, "म्हणजे त्याचीपण वही आहे!"

पडद्यावर उभ्या काड्या आल्या, दिवसाला एक. बुटक्या बुटक्या. मधे तीनच काड्या उंच, वर टोकापर्यंत. बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"रोज पाच-सहाच तास चालू आहे. आणि हे तीन दिवस चौदा-चौदा तास. वीस, एकवीस, बावीस मार्च. त्या दिवशी काय वेगळं होतं?"

मी लगेच सांगितलं, "काही नाही हो. मी बहिणीकडे गेले होते."

आणि हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही माझ्याकडे हळूच सरकवली.

मग मी विचारलं, बंद कसं करतात ते. त्यांनी दाखवलं. कानामागे बोट न्यायचं, सेलचं इवलंसं दार जरा उघडायचं. बस. एका कानाचं, मग दुसऱ्याचं.

काचेपलीकडे हे बसले होते. टूं वाजलं की शहाण्या मुलासारखं बोट वर. पुन्हा टूं, पुन्हा बोट. किती जीव लावून ऐकत होते. मी तसं ऐकताना ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी पुढे बरंच सांगितलं. अजिबात ऐकू न येणारी माणसंसुद्धा उत्तम गाडी चालवतात. डोळे वापरतात. आरसा, रस्ता, आरसा, रस्ता. बाहेर रुंद आरसे लावून घ्या. पुढच्या गाड्या उगाच कडेला जायला लागल्या तर समजायचं मागून सायरन आहे. मशीन कानात आणि चालू. रेडिओ नको. आणि, म्हणाल्या, "गाडीत बोलणं नको, आजी. ऐकायला जोर लावला, किंवा ऐकल्यासारखं करायला लावला, तरी नजर सुटते."

म्हणजे व्हॅनमध्ये धोक्याची वस्तू एकच होती. पट्टा लावून बसलेली.

बुधवार, २ एप्रिल

मशीन: त्याच्या वहीत बघावं.

शनिवार, ५ एप्रिल

तीन दिवस माझं डोकं दुखतंय असं सांगून मी घरी होते. इस्त्रीवाला बसला. आज तो आला नाही म्हणून मी गेले. जायचंच नव्हतं, पण आठ तारीख जवळ आली. भांडण नंतर करता येईल. लायसन्स गेलं की भांडायलाही माणूस उरणार नाही, खुर्चीतलं गाठोडं उरेल.

दार लावलं. ह्यांचा हात वर गेला, कानामागे. मी मनगट धरून खाली आणला.

म्हटलं, "असू दे चालू. मी बोलणार नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी म्हणाले असते तर मी सोडलं नसतं, एकेचाळीस वर्षांचं काढलं असतं. रागावले असते तरी चाललं असतं. पण ह्यांनी मान खाली घातली आणि चावी फिरवली.

सव्वाआठ ते एक. एक शब्द नाही. शेवटी शेवटी जबडा दुखायला लागला, माणसाला बोलून दुखतं हे माहीत होतं, न बोलून दुखतं हे आज कळलं.

बोलत नव्हते म्हणून मी बघत होते. नवा रुंद आरसा लावलाय. हे आरशात बघतात, समोर बघतात, परत आरशात. दोन्ही हात चाकावर. वळणाच्या आधीच वेग उतरवतात, गाठोडं हलतसुद्धा नाही. चांगली चालवतात हो गाडी. महिनाभर शेजारी बसून मला ठाऊक नव्हतं.

त्याच पुलावर पुढच्या गाड्या कडेला सरकल्या. हे लगेच कडेला. मला अजून काही ऐकू आलेलं नव्हतं. मग लांबून सायरन आला आणि अँब्युलन्स सुसाट पुढे गेली. हे माझ्याकडे वळले, तोंडभर हसू, "मला ऐकू आला! ऐकलंस? मलाच ऐकू आला!"

मी गुडघ्यावर एक थाप मारली. बोलणार नाही म्हटलं होतं.

व्हॅन लावताना म्हणाले, "आज गाडी छान चालली."

मंगळवार, ८ एप्रिल

पास.

तपासणीचे साहेब मागच्या सीटवर बसून पाऊण तास फिरले. परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "आजी, खरं सांगा, आजोबा गाडीत मशीन चालू ठेवतात ना? घरच्यांना विचारल्याशिवाय आम्ही शिक्का मारत नाही."

हे दाराशी उभे होते. मशीन चालू होतं, सगळं ऐकू येत होतं त्यांना. चेहरा तोच, किल्ली ठेवा म्हटल्यावरचा.

एक वाक्य होतं माझ्याजवळ. महिनाभराच्या बुटक्या काड्यांचं.

मी म्हटलं, "आता ठेवतात."

साहेबांनी शिक्का मारला. गाडी चालवताना मशीन चालू हवं, बाहेर रुंद आरसे हवेत, अशी अट कागदावर लिहिली. शेजारी माणूस बसवायची गरज नाही. मालकीण फोनवर ओरडली, "आजी, सुटलात हो तुम्ही!"

हॉस्पिटलच्या सिस्टरला विचारलं. त्या आजी घरी गेल्या म्हणाली. चालत. मी बाकावर बसून जरा रडले. त्यांच्यासाठीच रडले असं सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

शनिवार, १९ एप्रिल

हे सव्वाआठला जातात, एकला येतात. बाईंचा फोन आला होता, आता मशीन रोज पंधरा तास चालू असतं म्हणाल्या. मशीन ह्यांच्या मोबाइलला जोडून दिलंय, तिथूनच कळतं त्यांना. छान म्हटलं.

भुंगी म्हणाली, "आजी, तू आता लिहिताना बोलत का नाहीस?" म्हटलं, वहीला ऐकू येत नाही ना, तूच म्हणालीस.

मी घरात कामापुरतं बोलते. जेवायला वाढलंय. दूध आणा. शिवणयंत्र जावेच्या दारात राहिलं ते राहिलं. ते परत कसं मिळवलं, ती गोष्ट तर खरी मजेची होती.

आज संध्याकाळी हे खुर्चीत बसून सारखं कानाला बोट लावत होते. एक मशीन काढलं, फुंकलं, सेल बदलला. दुसऱ्याचा बदलला. पुन्हा घातलं, टेबलावर टकटक करून बघितलं. मी समोर भाजी निवडत होते.

म्हणाले, "अगं, मशीन बिघडलं की काय? बाहेर सगळं येतं. घरात काहीच ऐकू येत नाही."

मी मान हलवली.

म्हटलं, "हं."